सांधे सुजलेत आणि आपण जस्त मोजतोय

चाळिशीच्या आतबाहेरची बाई. तीन महिन्यांपासून सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, तासभर मूठ वळत नाही. कुकरचं झाकण निघत नाही. बांगड्या चढत नाहीत, कारण बोटांच्या मुळाशी असलेले सांधे दोन्ही हातांना सुजलेत. घरात कुणी म्हणतं वात आहे, कुणी म्हणतं कॅल्शियम कमी झालंय. मग संपूर्ण शरीर तपासणीचं एखादं पॅकेज घेतलं जातं आणि दहा-बारा पानांचा रिपोर्ट येतो. त्यात जस्त ५८, तांबं १७२, सेलेनियम खालच्या रेषेला टेकलेलं, लोह ३५. चारही आकड्यांपुढे बाण. घरच्यांना वाटतं, सापडलं एकदाचं. जस्ताच्या गोळ्या सुरू होतात, सोबत सेलेनियमची कॅप्सूल, आणि सहा महिन्यांनी बोटं वाकडी व्हायला लागल्यावर ती बाई संधिवाततज्ज्ञाकडे पोहोचते.

आमवातात, म्हणजे ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस किंवा नुसतं 'आरए' म्हणतात त्या आजारात, रक्तातल्या सूक्ष्म खनिजांचे आकडे खरोखरच बदलतात. जस्त उतरतं, तांबं चढतं, सेलेनियम आणि लोह उतरतं. देशोदेशीच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. प्रयोगशाळा खोटं सांगत नाही. पण हा बदल शरीरातल्या दाहामुळे, म्हणजे आतून सूज आणणाऱ्या प्रक्रियेमुळे होतो. या बदलामुळे दाह होत नाही. म्हणून सांधे सुजलेल्या माणसाला खनिजांचं पॅनेल विकणं आणि त्यावरून गोळ्या देणं थांबलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. लोहाचा अपवाद आहे, त्याकडे पुढे येतोच.

आधी जस्त कुठे जातं ते पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे दोन ग्रॅम जस्त असतं, त्यातलं बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. रक्तद्रवात किती? रक्तद्रव साधारण तीन लिटर, आणि त्यात दर डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅम जस्त धरलं तर सगळं मिळून होतं २.४ मिलिग्रॅम. म्हणजे एकूण साठ्याच्या हजारात एक भाग. प्रयोगशाळा मोजते तो हा भाग. शरीरात दाह पेटला की आयएल-६ नावाचा निरोप्या यकृतापर्यंत पोहोचतो. यकृताच्या पेशी जस्त आत ओढून घेणारी दारं उघडतात आणि ते धरून ठेवणारं मेटॅलोथायोनिन हे प्रथिन भराभर बनवतात. शिवाय रक्तात जस्ताला वाहून नेणारं अल्ब्युमिन दाहात घटतं. जस्त शरीराबाहेर गेलेलं नसतं, ते दुसऱ्या खोलीत जाऊन बसलेलं असतं. एखाद्या धडधाकट माणसाचं ठरवून केलेलं ऑपरेशन झालं, तरी काही तासांत त्याचं जस्त असंच उतरतं. ऑपरेशन टेबलावर झोपल्यामुळे त्याच्या आहारातलं जस्त काही संपलेलं नसतं.

तांब्याचं उलट होतं, आणि इथे गणित आणखी स्वच्छ आहे. सीरममधलं ९० टक्क्यांहून अधिक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात बसलेलं असतं, प्रत्येक रेणूत सहा अणू. एक मिलिग्रॅम सेरुलोप्लाझ्मिन म्हणजे सुमारे तीन मायक्रोग्रॅम तांबं. एरवी हे प्रथिन दर डेसिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे त्यातलं तांबं ९०. दाह झाला की यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. ते ५० वर गेलं की तांबं आपोआप १५० च्या पुढे. दाह मोजायला नेहमी वापरला जाणारा रक्तातला सीआरपी वाढतो त्याच कारणाने हा आकडा वाढतो. फरक एवढाच की सीआरपी दाहासोबत झपाट्याने चढतो आणि झपाट्याने उतरतो, ती तपासणी गावातल्या लॅबमध्ये होते आणि बऱ्याच स्वस्तात होते. तांबं मोजून आपण तीच बातमी उशिराने, महागात आणि धूसर मिळवतो. सेलेनियमचंही तसंच: ते वाहून नेणारं प्रथिन दाहात घटतं, म्हणून आकडा पडतो. उपचार लागू पडून दाह निवला की हे आकडे कोणतंही खनिज न देता आपल्या जागी परततात.

यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, पण जास्त तांबं आणि कमी जस्त यांनी आजाराला थोडाफार हातभार तर लागत असेल? याचं उत्तर गरोदरपणात आहे, आणि या वादात त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्याने सेरुलोप्लाझ्मिन वाढतं, आणि शेवटच्या तिमाहीपर्यंत सीरममधलं तांबं जवळपास दुप्पट होतं. त्याच वेळी रक्तद्रव वाढतो, अल्ब्युमिन पातळ होतं आणि जस्ताचा आकडा खाली येतो. म्हणजे 'जस्त कमी, तांबं जास्त' हे चित्र आमवातात दिसतं त्याहूनही ठळक होतं. आणि सांध्यांचं काय होतं? आमवात असलेल्या निम्म्याहून अधिक बायकांचं दुखणं गरोदरपणात हलकं होतं. फिलिप हेंच यांनी १९३० च्या दशकात हे बारकाईने नोंदवलं आणि तेव्हापासून जगभरच्या डॉक्टरांनी ते पाहिलं आहे. बाळंतपणानंतर तांबं उतरून पूर्वीच्या जागी येतं, आणि नेमकं त्यानंतरच्या काही महिन्यांत सांधे पुन्हा उसळतात. तांबं आणि जस्त हा आजार चालवत असते, तर हे सगळं उलट व्हायला हवं होतं.

आता दुसरा, जास्त प्रामाणिक प्रश्न. कारण काहीही असो, देऊन पाहायला काय हरकत आहे? पाहिलेलंच आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या पीटर सिमकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. जुनाट आमवाताचे २४ रुग्ण, २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट दिवसातून तीनदा, १२ आठवडे. जस्त घेणाऱ्यांची सूज आणि सकाळचा ताठरपणा कमी झाला. बातमी मोठी होती, आणि इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला. पुढच्या दशकातल्या चाचण्यांत हा फायदा पुन्हा दिसला नाही. जस्ताच्या बाजूने आजही तोच जुना कागद पुढे केला जातो, नंतरचे कागद कुणी दाखवत नाही. सेलेनियमचीही नीट परीक्षा झाली. ब्रसेल्सच्या गटाने २००१ मध्ये ५५ रुग्णांना ९० दिवस रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा रिकामी गोळी दिली. दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं, सांध्यांच्या बाबतीत दोघांत फरक निघाला नाही.

तांब्याच्या कड्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ते आपल्याकडे घराघरात आहे. मनगटात तांब्याचं कडं, बोटात तांब्याची अंगठी, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या स्ट्युअर्ट रिचमंड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याची परीक्षा प्रसिद्ध केली. आमवाताच्या ७० रुग्णांनी तांब्याचं कडं आणि चुंबकी पट्टे, शिवाय चुंबकत्व काढून टाकलेला पट्टा, असे चार प्रकार पाळीपाळीने पाच-पाच आठवडे घातले. वेदना, सुजलेले सांधे, रक्तातला दाह, रोजच्या हालचाली, कशातच फरक पडला नाही. कडं घालण्याने अपायही नाही. ज्याला घालायचं त्याने घालावं. पण सुजलेल्या सांध्यांवर कडं घालून वाट पाहत बसणं अपायकारक आहे, कारण वाट पाहण्यातच हाड झिजतं.

धातूंनी आमवाताला कधीच गुण आला नाही असंही नाही. फ्रान्समध्ये झाक फॉरेस्टिए यांनी १९२९ मध्ये सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं आमवातासाठी वापरायला सुरुवात केली. कल्पना अशी की हा आजार क्षयासारखा असावा, आणि सोन्याने क्षयाचे जंतू मरतात असं रॉबर्ट कॉख यांना प्रयोगशाळेत दिसलं होतं. कल्पना चुकीची होती, पण औषध काही जणांना लागू पडलं. १९६० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने ते दाखवलं. मात्र लघवीतून प्रथिन जाणं, अंगावर चट्टे, रक्तपेशी घटणं असे त्रास होत, आणि मेथोट्रेक्झेट हे आमवाताचं आजचं मुख्य औषध आल्यावर सोनं मागे पडलं. पेनिसिलामिन हे शरीरातलं तांबं बाहेर काढणारं औषधही आमवातात अनेक वर्षं वापरलं गेलं. त्याआधी त्याच फॉरेस्टिए यांनी तांब्याचे क्षार टोचूनही पाहिले होते. तांबं घातलं तरी गुण, काढलं तरी गुण असे दावे ज्या आजारात होऊ शकतात, तिथे गुणाचं कारण तांब्याची पातळी असणं अवघड आहे. हे धातू औषध म्हणून वापरले गेले, कमतरता भरून काढायला नव्हे. सोन्याची कमतरता कुणालाच नसते.

गोळ्या निदान निरुपद्रवी आहेत का? नाहीत. जस्ताची सुरक्षित वरची मर्यादा, आहार आणि गोळी मिळून, प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम मानली जाते. बाजारात ५० मिलिग्रॅम जस्ताच्या गोळ्या सहज मिळतात आणि कोविडच्या काळापासून त्या महिनोन्महिने घेण्याची सवय लागली आहे. जास्त जस्त आतड्यात गेलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन बनवतात. हे प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला घट्ट धरतं. ते तांबं पेशीतच अडकतं आणि पेशी झडली की शौचावाटे निघून जातं. काही महिन्यांत तांब्याची खरीखुरी कमतरता होते: रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, आणि पुढे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर परिणाम होऊन पायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. तांबं दिल्यावर रक्त सुधारतं, पण पायांची संवेदना पुरती परतेलच असं नाही.

आमवाताच्या रुग्णात याला आणखी एक पदर आहे. मेथोट्रेक्झेटमुळेही पांढऱ्या पेशी घटू शकतात. रुग्ण मेथोट्रेक्झेट घेतोय, शिवाय डॉक्टरांना न सांगता जस्तही घेतोय, आणि पेशी ३,००० वर आल्या, तर डॉक्टर साहजिकच मेथोट्रेक्झेट थांबवतील. लागू पडणारं औषध बंद, निरुपयोगी गोळी चालू. म्हणून रक्त घटलं की घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, पावडरी एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. 'औषध कोणतं घेता' या प्रश्नावर कुणी जस्ताचं नाव घेत नाही, कारण ते औषध वाटतच नाही.

सेलेनियमबाबत तर महाराष्ट्राने अलीकडेच धडा पाहिला. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस पुंजक्यांनी गळायला लागले, तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस गळणं, नखं ठिसूळ होणं, श्वासाला लसणासारखा वास ही जास्त सेलेनियमची जुनी, पुस्तकात नोंदलेली लक्षणं आहेत. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे. आपल्या ताटातल्या धान्यात ते किती आहे हे माहीत नसताना वर कॅप्सूल घेणं शहाणपणाचं नाही. सोयीची आणि धोक्याची मात्रा यांत इथे अंतर फार थोडं आहे: दिवसाला ५० ते ६० मायक्रोग्रॅम पुरतात, ४०० ही वरची मर्यादा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. धातूंची भस्मं घातलेली काही औषधं आमवातावर दिली जातात. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. म्हणजे सगळीच औषधं वाईट असा अर्थ नाही. पण अशी औषधं काही महिने घेतलेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरत असेल, पोटात कळा येत असतील, तर रक्तातलं शिसं मोजून घ्यावं. आणि नाव-गाव नसलेल्या पुडीने दोन दिवसांत सगळं दुखणं पळालं, चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता धरावी. अशी पुडी एकदम बंद करू नये, डॉक्टरांना सांगून उतरवत न्यावी.

आता ती तपासणीच किती भरवशाची, ते पाहू. जस्ताच्या तपासणीसाठी गडद निळ्या टोपणाची खास नळी लागते, कारण साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात झिरपू शकतं. तांबड्या पेशींत रक्तद्रवापेक्षा कितीतरी जास्त जस्त असतं. त्यामुळे रक्त काढताना पेशी फुटल्या, किंवा घरून घेतलेला नमुना तासन्‌तास पिशवीत राहिला, तर आकडा फुगतो. दिवसाच्या वेळेनेही तो बदलतो. आंतरराष्ट्रीय जस्त सल्लागार गटाने प्रौढ बायकांसाठी ठरवलेली खालची रेषा सकाळी उपाशीपोटी ७० आहे, दुपारी ५९. म्हणजे ६४ हा आकडा सकाळी ८ वाजता कमी आणि दुपारी ४ वाजता व्यवस्थित. रिपोर्टवर मात्र एकच रेषा छापलेली असते, आणि बाण तिच्यावरून ठरतो. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये हजारो नमुने तपासून सांगितलं की सीआरपी २० च्या वर असेल तर जस्ताच्या आकड्यावरून, आणि १० च्या वर असेल तर सेलेनियमच्या आकड्यावरून, कमतरता ठरवू नये. उपचार सुरू न झालेल्या आमवातात सीआरपी ४०-५० असणं रोजचं आहे. ज्या रुग्णाला हे पॅनेल विकलं जातं, त्याच्याच बाबतीत ते वाचता येत नाही.

केसातल्या खनिजांच्या तपासणीवर फार शब्द खर्च करत नाही. २००१ मध्ये एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा प्रयोगशाळांना पाठवले गेले, आणि बारा खनिजांच्या आकड्यांत दहापटीहून जास्त फरक आला.

आता लोह. इथे मोजावं लागतं, आणि इथेच सर्वांत जास्त हयगय होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ॲनिमिक होत्या. आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीनपट जास्त होतो. म्हणजे आपल्याकडची आमवाताची रुग्ण बहुतेकदा लोह आधीच कमी असलेली बाई असते. त्यात भर म्हणजे वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक महिनोन्महिने घेतल्या की जठरातून नकळत रक्त जात राहतं. आणि वरून दाहाचं लोहावरचं काम वेगळंच: आयएल-६ मुळे यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक सोडतं, ते आतड्यातून आणि साठ्यातून लोह बाहेर येण्याचं दार लावून टाकतं. साठ्यात लोह आहे, पण रक्त बनवायला मिळत नाही.

ही दोन दुखणी वेगळी करावी लागतात, कारण उपाय वेगळे आहेत. नुसतं सीरम आयर्न दोन्हींत कमीच येतं, म्हणून त्या एका आकड्यावर गोळी सुरू करू नये. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन), टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता) आणि सीआरपी एकत्र पाहावेत. समजा दोन्हीकडे लोह ३५ आहे. एकीचं टीआयबीसी ३८०, म्हणजे संपृक्तता, त्या क्षमतेतला भरलेला भाग, ९ टक्के. तिचं शरीर लोहासाठी रिकामी भांडी मांडून बसलंय, लोह खरंच कमी आहे. दुसरीचं टीआयबीसी २२०, संपृक्तता १६ टक्के, फेरिटिन ३००. तिथे दाहाने दार लावलंय. अवघड असतात त्या मधल्या रुग्ण, ज्यांना दोन्ही आहे. फेरिटिन स्वतःच दाहात वाढतं. त्यामुळे सीआरपी ४० असताना फेरिटिन ६० आलं, तर रिपोर्ट 'नॉर्मल' छापतो, पण ते नॉर्मल नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दाह असताना ७० च्या खाली लोह कमी धरायला सांगितलं आहे. बरेच डॉक्टर १०० ची रेषा वापरतात. जस्त आणि सेलेनियमात दाहामुळे खोटी कमतरता दिसते, इथे दाह खरी कमतरता झाकतो. म्हणून जस्ताच्या बाणावर गोळी मिळते आणि फेरिटिनला बाण नाही म्हणून बाई तशीच थकत राहते. अशा रुग्णाला लोह द्यावं, दिवसाआड एक गोळी, जेवणापासून आणि चहापासून लांब. दाह जोरात असेल तर गोळी नीट शोषली जात नाही आणि शिरेतून द्यावं लागतं. ज्या बाईचं नुसतं दाहाने रक्त उतरलंय, तिचं हिमोग्लोबिन आमवाताच्या औषधांनीच चढतं.

माझ्या म्हणण्याला विरोध करणारे दोन मुद्दे वजनदार आहेत. फिनलंडमध्ये आजार होण्याआधी साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांत सेलेनियम कमी असणाऱ्यांना पुढे एका प्रकारचा आमवात, ज्यात आरए फॅक्टर हे रक्तातलं प्रतिपिंड निगेटिव्ह असतं, जास्त झालेला आढळला. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असणाऱ्या, जास्त सांधे मोडणाऱ्या प्रकारात असा संबंध दिसला नाही. हा धागा संशोधकांनी जरूर पकडावा. दुकानात कॅप्सूल विकायला तो पुरत नाही. दुसरा मुद्दा आपल्या ताटाचा. ज्वारी, बाजरी, गहू, डाळी यांतल्या फायटेट या घटकामुळे जस्त कमी शोषलं जातं, आणि म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बायकांसाठी दिवसाला १३.२ मिलिग्रॅम आणि पुरुषांसाठी १७ मिलिग्रॅम असा चढा आकडा ठेवलाय. शाकाहारी घरात तो गाठणं सोपं नाही, हे खरं आहे. त्याचा उपाय स्वयंपाकघरात आहे: मटकी-मुगाला मोड आणणं, पीठ आंबवणं, तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, खाणाऱ्यांना अंडी, मटण, तिसऱ्या. हे सगळ्यांनीच खावं. त्याने सांध्याची सूज उतरेल असं मात्र कुणी सांगू नये.

खनिजाचा आणि आमवाताचा एक भक्कम संबंध आहे, तोही कुठल्या पॅनेलमध्ये नसतो. सिलिकाची धूळ. दगड फोडणं, खडी क्रशर, खाणकाम, कोरडं कापलेलं ग्रॅनाइट यांतून फुफ्फुसात जाणारी ही धूळ आमवाताचा धोका वाढवते, आणि धूम्रपानासोबत तो आणखी वाढतो. कोळसा खाणीतल्या आमवाताच्या रुग्णांच्या फुफ्फुसातल्या गाठी ब्रिटनमध्ये १९५३ मध्येच नोंदल्या गेल्या. क्रशरवर पाण्याचा फवारा आणि चांगला मास्क यांनी जे साधेल, ते जस्ताच्या कारखानाभर गोळ्यांनी साधणार नाही.

मग पैसा आणि वेळ कुठे जायला हवा? पुण्याजवळ भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची मोजणी केली. त्यातून आणि अशाच इतर पाहण्यांतून आमवाताचं प्रमाण दर हजार प्रौढांमागे पाचच्या आसपास येतं. एक लाख प्रौढांच्या तालुक्यात पाचशे रुग्ण. त्यांच्यासाठी तीन गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी असाव्यात. पहिली, हात दाबून पाहणारा डॉक्टर: बोटांच्या मुळांची ओळ आडवी धरून हलकेच दाबली आणि रुग्ण कळवळला, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, सूज सहा आठवडे हटली नाही, की संशय घ्यायचा. दुसरी, रक्ततपासण्या: दाहासाठी सीआरपी किंवा ईएसआर, आणि आमवाताची प्रतिपिंडं शोधणाऱ्या आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आला तर निदान जवळजवळ नक्की. निगेटिव्ह आला म्हणून सुटका नाही, कारण तीनातल्या एका रुग्णात तो येत नाही. तिसरी, औषधं. मेथोट्रेक्झेट, सल्फासालाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही तिन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत आणि त्यांच्या किमती आवाक्यात आहेत. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत औषध सुरू झालं तर हाड वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि खनिजांच्या गोळ्या खातात ते नेमके हेच महिने.

कायदाही हाताशी आहे. १९५४ च्या औषध आणि जादुई उपचार कायद्याच्या परिशिष्टात ज्या ५४ आजारांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही, त्यांत 'ऱ्हुमॅटिझम' आहे. 'सांधेदुखीवर जस्त-सेलेनियमचा अक्सीर इलाज' अशी फलकबाजी आणि मोबाइलवरची जाहिरात त्यात बसते. अन्न आणि औषध प्रशासनाने ती तशी धरावी. प्रयोगशाळांकडून माझी मागणी साधी आहे. सांधेदुखीच्या पॅकेजमधून तांबं, जस्त, सेलेनियम काढा आणि त्याच पैशात अँटी-सीसीपी घाला. जस्त मोजायचंच असेल तर रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ, उपाशीपोटी की नाही, आणि शेजारी सीआरपी छापा. सीआरपी २० च्या वर असेल तिथे बाण छापू नका.

आणि औषध सुरू करताना एक काळजी, जिच्याअभावी माणसं दगावली आहेत. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी वार लिहावा, 'दर रविवारी' असं अक्षरात, आणि औषधाच्या दुकानदाराने तोच वार पाकिटावर लिहावा. फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या एकाच डब्यात ठेवू नयेत. गरोदर राहायचं असेल तर हे औषध निदान तीन महिने आधी बंद करावं लागतं, म्हणून तरुण बाईला पहिल्याच भेटीत ते सांगावं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत दर दोन ते चार आठवड्यांनी रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन तपासावं, नंतर दर तीन महिन्यांनी. तोंडात फोड आले, ताप आला किंवा लघवीच्या संसर्गासाठी कुणी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.